बदलत्या ऋतुमानाची बेगमी



वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभे राहणाऱ्याने एखादा भारदस्त विषय घ्यावा, असा संकेत आहे. वेदान्त, वाङ्मय, राजकारण, गेला बाजार एखादे प्रवासवर्णन तरी. मी आज घेतलेला विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. तो गच्चीवरचा आहे, जिन्याखालचा आहे आणि बराचसा स्वयंपाकघराकडचा आहे. ऋतुमान बदलते आहे. त्याला तोंड देण्यासाठी आपण आपले घर आणि आपला संसार कसा सज्ज करावा, एवढेच मला सांगायचे आहे. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात अशा व्याख्यानांचा पाया घातला, तो लोकशिक्षणासाठी. लोकांच्या जिवाशी ज्याची गाठ आहे, असा विषय या व्यासपीठाला परका ठरू नये.

मे महिना हा आपल्याकडे बेगमीचा महिना होता, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको. गच्चीवर कुरडया आणि पापड वाळत पडायचे, गहू-डाळींना ऊन दाखवले जायचे, तिखट-मसाले कुटले जायचे, लोणच्याच्या बरण्या धुऊन-पुसून तयार व्हायच्या. कौलारू घर असेल तर शाकारणी व्हायची. सरपण आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या जायच्या. हे सगळे मृगाच्या आत उरकायचे, आणि मृग म्हणजे ७ जूनच्या आसपास. या कामाला कोणी संकटनिवारण असे मोठे नाव दिले नव्हते. परंतु होते ते तेच. चार महिने बाजार बंद पडला, वाट बंद पडली, तरी घरातल्या माणसांचे पोट आणि डोक्यावरचे छप्पर शाबूत राहावे, हा त्यातला हेतू. आणि ही सारी व्यवस्था मुख्यतः घरातल्या बायकांनी उन्हातान्हात राबून चालवली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या बेगमीचा आधार कोणता होता? पंचांग. रोहिणी, मृग, आर्द्रा या क्रमावर घराचा विश्वास होता. पाऊस आठ-दहा दिवस मागेपुढे व्हायचा, दुष्काळही पडायचे. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे आजही आहेत. तरीसुद्धा केव्हा कशाची तयारी करायची, याविषयी संभ्रम नव्हता. आज नेमका तोच आधार डळमळीत झाला आहे. २०२३ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला तो २५ जूनला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२५ साली, तो आला २६ मे रोजी. दोन वर्षांच्या आगमनात एक महिन्याचे अंतर! त्या मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात शेतात काढून ठेवलेला कांदा भिजला. गच्चीवरच्या कुरडयांचे काय झाले असेल, याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही.

या विषयावर बोलताना माणूस दोन टोकांपैकी एकाकडे जातो. कोणी म्हणतो, आता प्रलयच जवळ आला. कोणी म्हणतो, उन्हाळा काय पूर्वी कडक नव्हता? मला या दोन्ही टोकांना जायचे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली केंद्र सरकारचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले, असे त्यात दाखवले आहे. मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. उलट उन्हाळी मोसमी पावसाचे एकंदर मान १९५१ पासून थोडे कमीच झाले. म्हणजे पाऊस कमी आणि धिंगाणा जास्त. याचे कारण समजायला अवघड नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. मोठी पिशवी भरायला वेळ लागतो, म्हणून उघडीप लांबते. आणि ती एकदम उपडी होते, म्हणून एका दुपारी रस्त्याची नदी होते.

तेव्हा पूर्वीची बेगमी ठरलेल्या ऋतूसाठी होती, आताची बेगमी न ठरलेल्या ऋतूसाठी करावयाची आहे. कोरडा जून आणि ओला मे या दोहोंना पुरून उरेल असे घर आपल्याला हवे. परंतु एवढेच सांगून मी थांबलो, तर प्रत्येक जण घरी जाऊन आपापल्या ऐपतीप्रमाणे एकेक यंत्र विकत आणील आणि विषय संपला असे मानील. म्हणून मला एक कसोटी आपल्यापुढे ठेवायची आहे. ज्या तयारीने शेजाऱ्याची अडचण वाढते, ती तयारी खरी नव्हे. आणि जी तयारी शेजाऱ्यालाही उपयोगी पडते, तीच शेवटी आपल्याला तारते. हे मी केवळ नीतीचा पाठ म्हणून सांगत नाही. ऊन, पाऊस आणि पाणी या तिन्ही बाबतींत ते व्यवहारातही कसे खरे आहे, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम ऊन. नाशिकची हवा थंड, असा लौकिक होता. हवा पालटण्यासाठी लोक देवळालीला येऊन राहायचे. या लौकिकामुळे आपण घरे बांधताना उन्हाचा विचार फारसा केला नाही. गावातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड, मध्ये चौक, चौकात आड, पुढे पडवी. ऊन आत येईपर्यंत दिवस कलायचा. वडाळा-पाथर्डीच्या शिवारात आपले हे इंदिरानगर उभे राहिले ते सिमेंटच्या स्लॅबचे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. खरा धोका दुपारच्या आकड्यापेक्षा या रात्रीत आहे. कारण दिवसभर शिणलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन ते सोसू शकत नाही. दमट हवेचेही तसेच. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या जाहीर समारंभात चौदा माणसे उष्माघाताने दगावली, तेव्हा पारा चाळिशीला पोहोचलेला नव्हता. घाम वाळेना, म्हणून शरीर निवेना.

यावर उपाय कोणता? वातानुकूलन यंत्र, असे उत्तर तत्काळ येईल. ज्या घरात आजारी माणूस आहे, तान्हे मूल आहे, तेथे ते अवश्य असावे. मी त्याचा शत्रू नाही. परंतु ते यंत्र करते काय, हे समजून घ्या. त्याला खोलीतील उष्णतेचा नाश करता येत नाही. ती उष्णता ते बाहेर नेऊन टाकते, आणि हे करताना जी वीज खर्च होते तिचीही उष्णता त्यात मिळवते. म्हणजे माझी खोली निवते ती तुमच्या खिडकीच्या खर्चाने. मग तुम्ही यंत्र घेता, मग तिसरा घेतो. आणि ज्याला ते परवडत नाही तो चौथा, सगळ्यांची उष्णता अंगावर घेत बसतो. शिवाय वीज गेली की चौघेही सारखेच.

आता दुसरा उपाय पाहा. गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि खालच्या खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत उतरू शकते. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा तयार केला. गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रमही पुढे तेथे राबवला गेला. हा उपाय स्वस्त आहे, त्याला वीज लागत नाही आणि त्याने शेजाऱ्याच्या खिडकीत झळ जात नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या किंवा चिक लावा. पडदा आतून लावला तर ऊन घरात येऊन मग अडते. आपला मे महिना कोरडा असतो, म्हणून वाळ्याचे ओले पडदे आणि पाण्याचा कूलर येथे चांगले काम देतात. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने. हवा दमट झाली की मात्र कूलर निरुपयोगी ठरतो. मग तो बंद करून खिडक्या उघडाव्यात. आणि तापमान चाळीसच्या पलीकडे गेले असता नुसता पंखा वृद्ध माणसाला निववत नाही, उलट गरम हवा अंगावर मारतो. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसत राहावे. एखाद्याचे अंग तापून भाजू लागले आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

परंतु उन्हाचे सर्वांत मोठे औषध चुन्यात नाही. ते कशात आहे, हे दूरच्या एका शहराच्या उदाहरणावरून सांगतो. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्या त्याने पाहिल्या. गरिबी जवळपास सारखी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाणही जवळपास सारखे. तरी एका वस्तीत मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या कितीतरी पट. फरक कोठे होता? कमी माणसे दगावली त्या वस्तीत रस्त्यावर दुकाने होती, वर्दळ होती, म्हातारी माणसे सहज बाहेर पडत होती आणि दोन दिवस दिसली नाहीत तर कोणी तरी चौकशी करत होते. दुसरी वस्ती ओस पडलेली होती; तेथे माणसे दारे-खिडक्या लावून घरात बसली आणि आतच संपली.

हे ऐकताना शिकागो आपल्याला दूर वाटायला नको. इंदिरानगरात, चेतनानगरात, राजीवनगरात अशी किती घरे आहेत, जेथे मुले पुण्याला, बंगळुराला किंवा सातासमुद्रापलीकडे आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर आजी-आजोबा दोघेच, किंवा आता एकटेच? आपल्या जिन्यात असे कोण राहते, याची यादी करायला कागदाचे एक पान पुरेल. रोज दुपारी चार वाजता कोणी तरी दार वाजवावे, पाणी प्यायलात का एवढे विचारावे. ही बेगमी फुकटची आहे. त्याच पानावर आणखी काही नावे लिहावी लागतील. इमारतीच्या दारातील पत्र्याच्या खोलीत बसणारा रखवालदार, चार घरची भांडी करून भर दुपारी परत जाणारी बाई, हातगाडीवाला. त्यांना आपण आपल्या घराच्या तयारीत धरतो का? पत्र्यावर चुना आणि दाराशी माठ, यांचा खर्च एका घरच्या महिन्याच्या वीजबिलाहून बहुधा कमीच येईल.

आता पाऊस. नाशिककराला पूर मोजायला शिकवावे लागत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, असे आपले माप आहे. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९, हे पूर अनेकांनी डोळ्यांनी पाहिले. परंतु इंदिरानगर गोदाकाठी नाही, आणि येथे मारुतीही नाही. येथला पूर नदीतून चढून येत नाही, तो वरून पडतो. तासाभरात पडलेले पाणी मुरायला माती नाही, वाहायला नाला मोकळा नाही, मग ते सखल जागा शोधते. महामार्गाखालचा बोगदा असो की आपल्या इमारतीचे तळघर. येथे पुन्हा तीच कसोटी. आवारात चिखल नको म्हणून आपण इंचनइंच फरशी बसवतो. आपले पाणी सुटते आणि खालच्या गल्लीत जाऊन साचते. झाडाच्या बुंध्यालाही सिमेंटचा गळफास बसतो. मग मुळे दुबळी होतात आणि पहिल्याच वादळात ते झाड कोणाच्या तरी मोटारीवर पडते. आणि दोष वादळाला!

तेव्हा मे महिन्यात आपल्या इमारतीभोवती एक फेरी मारा. गच्चीवरच्या नळांची तोंडे साफ आहेत का, झाडांच्या वाळक्या फांद्या कोणत्या, मागच्या नाल्यात आपलाच कचरा किती, विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप किती उंचीवर आहेत, हे पाहा. पाणी शिरण्याजोगी जागा असेल तर ते वर घ्या. तळघरात पाणी शिरताना वाहन बाहेर काढायला धावू नका. वाहन पुन्हा घेता येते. पाणी आले की लिफ्ट बंद ठेवा. महत्त्वाचे कागद, चार दिवसांची औषधे, विजेरी, मीठ-साखर, कोरडे अन्न हे सारे एका पिशवीत, घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग मुलांना शिकवा. पूर्वी आपण नक्षत्रे शिकवत होतो, तसेच. वळवाच्या विजांचा अंदाज देणारे दामिनी नावाचे साधन पुण्याच्या त्याच संस्थेने मोबाईलसाठी तयार केले आहे; ते घरात एकाच्या तरी हाती असावे.

राहिले पाणी. येथे मी थोडा हिशेब मांडतो, आपण कंटाळणार नाही अशी आशा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तेथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, नाशकात, सुमारे सातशे. समजा, आठ बिऱ्हाडांच्या इमारतीची गच्ची दोनशे चौरस मीटर आहे. तिच्यावर वर्षाला १ लाख ४० हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी १ लाख १२ हजार लिटर उरते. माणशी १३५ लिटरच्या शहरी मानाने चौघांच्या बिऱ्हाडाला दिवसाला ५४० लिटर लागतात. म्हणजे आठही बिऱ्हाडांची जवळजवळ सव्वीस दिवसांची गरज आपण दर वर्षी गटारात सोडतो. धुण्या-पुसण्याला आणि झाडांनाच ते वापरले तर कितीतरी अधिक दिवस पुरेल.

एवढे पाणी टाक्यांत मावणार नाही, हे खरे. पहिल्या सरीचे धुळकट पाणी सोडून द्यावे, थोडे साठवावे आणि बाकीचे गाळून जमिनीत मुरवावे. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमाड थरात आणि फटींत. त्याची साठवण तोकडी आहे. एकाने दोनशे फूट बोअर घेतली, दुसऱ्याने तीनशे, तिसऱ्याने पाचशे, तर पाणी वाढत नाही, फक्त स्पर्धा वाढते. उलट एकाने मुरवलेले पाणी पलीकडच्या आवारातल्या विहिरीत निघू शकते. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची पद्धत आहे. परंतु मुरलेल्या पाण्यावर नाव घालता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी भरून लातूरला न्यावे लागले. तेथे ज्यांच्या घरी खोल बोअर होत्या, त्यांच्याही तोंडचे पाणी पळाले होते.

साठवणीविषयी एक सावधगिरी मात्र पाळली पाहिजे. टंचाईच्या भीतीने आपण पिंपे, बादल्या, टाक्या भरून ठेवतो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो; अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून घासावीत आणि टाकीला घट्ट झाकण असावे. माझ्या पिंपातला डास माझे घर आणि तुमचे घर असा भेद करत नाही.

पाण्याची ही दृष्टी आपल्याला परदेशातून आणायची नाही. महामार्गाच्या पलीकडे त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. तेथे कातळात कोरलेली पाण्याची पोढी आपण पाहिली असतील. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख तेथे आहे. त्यात त्याने लेणे कोरवल्याबरोबर पोढी खोदवल्याचीही नोंद केली आहे, आणि नद्यांच्या दोन्ही तीरांवर धर्मशाळा व पाणपोया बांधल्याचीही. राजघराण्यातल्या माणसाला दगडावर कोरून ठेवण्याजोगे पुण्य वाटले ते वाटसरूच्या पाण्याचे. राजवटी गेल्या, त्यांनी पावसाचे पाणी अडवण्याची जी युक्ती कातळात करून ठेवली, ती आजही डोळ्यांपुढे आहे.

आता कोणी विचारील, हे सगळे आम्हीच करायचे, तर महानगरपालिका आणि सरकार कशासाठी? प्रश्न रास्त आहे. नाल्याची रुंदी राखणे, धरणाचे पाणी नेमाने सोडणे, रस्त्याकडेची झाडे जगवणे, इस्पितळात उष्माघाताची खाट तयार ठेवणे ही कामे एका घराची नव्हेत. ती त्यांचीच आहेत आणि ती त्यांच्याकडून करवून घेतली पाहिजेत. हवा तापवणारा धूर कमी करणे, हे तर राष्ट्रांचे काम आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२४ हे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले; औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सुमारे दीड अंश अधिक. आपल्या चुन्याने ते उतरणार नाही, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या वस्तीने आपल्या नाल्याची पाहणी स्वतः केली आहे, तिचा अर्ज महापालिकेत वेगळ्या वजनाने वाचला जातो. एकट्याची तक्रार टोपलीत जाते, चाळीस घरांच्या सह्यांच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. या आठवड्यात आपापल्या इमारतीची एक बैठक घ्या. विषयपत्रिकेवर चारच गोष्टी ठेवा : गच्चीला चुना, नाल्याची पाहणी, पावसाच्या पाण्याचा नळ जमिनीकडे वळवणे, आणि ती एकट्या माणसांची यादी. वेळ उरला तर वाहने कोठे लावायची यावरचे आपले नेहमीचे भांडण अवश्य करा. मात्र एक पथ्य पाळा. पूर्वीची बेगमी घरातल्या बायकांच्या पाठीवर उभी होती. ही नवी बेगमीही त्यांच्याच गळ्यात टाकून पुरुषमंडळी व्याख्यानाला येऊन बसली, तर आपण काहीच शिकलो नाही असे होईल.

पूर्वी मे अखेर घरची बेगमी झाली की सुगरण शेजारणीकडे एक वानवळा पाठवायची. नव्या कुरडया, लोणच्याची एक फोड. त्या वानवळ्याने शेजाऱ्याचे पोट भरत नव्हते. आमच्या घरी तयारी झाली आहे, काही कमी पडले तर हक्काने या, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढचे ऋतू कसे येतील हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा काळात हा अर्थ आपण जपला पाहिजे, इतके सांगून मी आपली रजा घेतो.